सफायर बोलत का नाही?

गेल्या महिन्यात शनिवारच्या बैठकीनंतर आम्ही सल्लाकेंद्रातच एक जुना इंग्रजी चित्रपट पाहिला. भिंतीला पांढरी चादर लावली, खिडक्यांवर ओढण्या टाकल्या आणि पंधरा-सोळा जणी दाटीवाटीने सतरंजीवर बसलो. चित्रपट होता १९५९ सालचा ब्रिटिश 'सफायर'. वंशभेदावरचा चित्रपट आहे आणि मध्यभागी एक तरुण मुलगी आहे, म्हणून एका मैत्रिणीने मुद्दाम आणला होता. जिथे अडेल तिथे थांबवून मी मराठीत सांगत होते. अर्धा-पाऊण तास झाला असेल. आमच्या केंद्रातल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या, ज्यांना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो, त्या मध्येच म्हणाल्या, "अगं, ही पोरगी बोलणार कधी?"

मी म्हटले, "मावशी, ती मेलीय. सुरुवातीलाच."

"ते दिसलं मला. पण पिक्चर तिच्यावर आहे ना? मग मागचं काहीतरी दाखवतील की."

दाखवले नाही. चित्रपट संपला, दिवे लागले, सफायर एक शब्दही बोलली नाही. मावशींचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे दिसले ते तुमच्यासमोर मांडावेसे वाटते. त्यातले थोडे त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटांबद्दल आहे, आणि थोडे माझ्याबद्दलही आहे.

मेलेली मुलगी आणि तिच्याबद्दल बोलणारे सगळे

आधी गोष्ट सांगते. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या माळावर एका तरुणीचे प्रेत सापडते. ती संगीताची विद्यार्थिनी, नाव सफायर रॉबिन्स. गोरी, देखणी. पोलीस तपास सुरू होतो आणि तिचा भाऊ बर्मिंगहॅमहून येतो. तो डॉक्टर आहे, आणि काळा आहे. आईवडिलांपैकी एक गोरे, एक काळे. भाऊ एका रंगाचा झाला, बहीण दुसऱ्या. सफायर गोरी म्हणून खपत होती आणि तिनेही तसेच वावरायचे ठरवले होते. एका गोऱ्या विद्यार्थ्याशी तिचे लग्न ठरले होते आणि तिला दिवस गेले होते. तिला कोणी मारले, हा चित्रपटाचा प्रश्न.

चित्रपट हेतूने वाईट नाही, हे आधीच नमूद करते. १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी हल्ले केले होते. त्यानंतर काही महिन्यांतच दिग्दर्शक बेसिल डीअर्डन यांनी हा विषय घेतला. ज्यांच्या तोंडून एरवी सभ्य शब्दच निघतात अशा माणसांच्या मनातला द्वेष त्यांनी पडद्यावर आणला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट म्हणून ब्रिटिश अकादमीने त्याला पुरस्कारही दिला. पटकथा एका बाईची, जॅनेट ग्रीन यांची.

पण आता मावशींच्या डोळ्यांनी पाहा. सफायरबद्दल या चित्रपटात कोण कोण बोलते? पोलीस बोलतात, भाऊ बोलतो, होणारा नवरा आणि त्याचे आईवडील बोलतात. वर्गातल्या मुली बोलतात. ज्यांना तिने मागे टाकले ते तिचे जुने काळे मित्र बोलतात. प्रत्येकाची सफायर वेगळी. आणि जी प्रत्यक्ष होती ती फक्त एक प्रेत आणि काही छायाचित्रे एवढीच आपल्याला दिसते. गोरी म्हणून जगायचे हा एवढा मोठा निर्णय तिने कसा घेतला, रोज सकाळी कोणती भीती घेऊन ती घराबाहेर पडत होती, भावाला भेटायला जाताना तिच्या मनात काय येत होते, हे सांगणारे कोणीच नाही. तिला विचारायचे कोणाला सुचलेले नाही.

ती बोलत नाही म्हटल्यावर तिच्या वस्तू तिच्याविरुद्ध बोलू लागतात. तिच्या साध्या ट्वीडच्या स्कर्टखाली भडक लाल रंगाचा तलम परकर सापडतो. तपासावरचा तरुण इन्स्पेक्टर त्या परकराचा संबंध सरळ तिच्या रक्ताशी जोडतो. वरून गोरी, आतून काळी, असा त्याचा हिशेब. पुढे एका नाइटक्लबमध्ये असेच दृश्य आहे. गोऱ्या म्हणून खपणाऱ्या मुली ढोलाचा ठेका ऐकला की आपोआप ओळखू येतात, असे तिथे सांगितले जाते, आणि कॅमेरा ठेका धरणाऱ्या पायांवर जातो. वंशभेदाचा निषेध करायला निघालेला चित्रपटच इथे सांगतो की काळेपण बाईच्या अंगात दडलेले असते आणि केव्हातरी उसळून वर येते. हे वाक्य आपल्याला अनोळखी आहे का? "वरून कितीही साधी दिसली तरी," असे म्हणत बाईच्या कपड्यांवरून तिचे चारित्र्य वाचणारे लोक आपण पोलीस चौकीत, कोर्टात आणि घरात रोज भेटतोच.

आणखी एक गोष्ट. भावाची भूमिका बर्म्युडात जन्मलेले अर्ल कॅमरॉन या काळ्या नटाने केली आहे आणि फार संयमाने केली आहे. बहिणीची भूमिका मात्र इव्हॉन बकिंगहॅम या गोऱ्या नटीची आहे. म्हणजे जिच्या रक्तावरून एवढे रामायण घडते, तिच्या प्रेताची भूमिका करायलासुद्धा त्या रक्ताची मुलगी घेतली गेली नाही.

जिवंत असूनही मुकी

सफायर मेलेली होती, म्हणून बोलली नाही, असे कोणी म्हणेल. मग बारा वर्षे मागे जाऊ. १९४७ साली, भारत स्वतंत्र होण्याच्या काही महिने आधी, मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांचा 'ब्लॅक नार्सिसस' आला. हिमालयातल्या एका जुन्या महालात इंग्रज जोगिणी शाळा आणि दवाखाना काढतात, अशी गोष्ट. हा हिमालय इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत काचेवर आणि पडद्यांवर रंगवलेला होता. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन या दोन्हींसाठी त्याला ऑस्कर मिळाले, आणि दिसायला तो खरोखरच विलक्षण सुंदर आहे.

या चित्रपटात कांची नावाची सतरा वर्षांची पहाडी मुलगी आहे. तिला कोणी नको आहे म्हणून जोगिणींच्या गळ्यात बांधलेली. जीन सिमन्स या इंग्रज नटीने अंगाला तपकिरी रंग फासून, नाकात चमकी घालून ही भूमिका केली. कांची चोरून फळ खाते, आरशात पाहते, नाचते, डोळे मोडते, मार खाते. संपूर्ण चित्रपटात ती एक शब्दही बोलत नाही. तिला शिस्त लावणारी म्हातारी आयाही मे हॅलट या इंग्रज नटीनेच रंगवली आहे. मोठ्या भूमिकांपैकी एकच भारतीय माणसाकडे आहे, ती म्हणजे म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा साबू याची, तरुण राजपुत्राची. त्याला बोलायला मिळते. मुलीला मिळत नाही.

जोगिणींच्या मनातली घालमेल हा चित्रपटाचा खरा विषय. त्यांच्या दडपलेल्या इच्छा, आठवणी, मत्सर हे सगळे बारकाईने येते, आणि एक बाई म्हणून ते पाहताना मी गुंतून गेले. कांची तिथे आहे ती त्यांच्या घालमेलीला रंग यावा म्हणून. गोऱ्या बायकांना मन आहे, तिला फक्त अंग आहे. म्हणजे बायकांच्या मनावर चित्रपट निघाला याचा आनंद मानावा, तर तो आनंद सगळ्या बायकांचा नव्हता.

मुंबईत जन्मलेली सफायर

सफायरची गोष्ट लेखकाच्या कल्पनेतली म्हणावी, तर तशी बाई ब्रिटिश चित्रपटसृष्टीत खरोखर होऊन गेली होती. मर्ल ओबेरॉन. १९३३ सालच्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये राणी ॲन बोलीनच्या छोट्या भूमिकेत ती चमकली आणि पुढे मोठी तारका झाली. तिचा जन्म १९११ साली आपल्या मुंबईत, अँग्लो-इंडियन घरातला, आणि बालपणाचा पुढचा काळ कलकत्त्यात गेला. पण जगाला सांगितले गेले की ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मली. जिला ती आई म्हणत आली ती सावळ्या वर्णाची बाई लंडनमध्ये तिच्याबरोबर राहत असे, आणि पाहुण्यांना ती घरातली मोलकरीण वाटावी अशी व्यवस्था असे, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. मर्ल १९७९ साली वारली तोवर तिने हे लपवले. तिचे खरे मूळ सर्वत्र माहीत झाले ते १९८३ साली चरित्र प्रसिद्ध झाल्यावर.

आईला मोलकरीण म्हणवणारी मुलगी, असे म्हणून तिला नावे ठेवणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. आडनाव बदलून भाड्याची खोली मिळवणाऱ्या, कार्यालयात जात कळू नये म्हणून डबा वेगळा बसून खाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना लाज वाटावी अशी त्या व्यवस्थेचीच योजना असते. मर्लला काम हवे होते, आणि खरे सांगून ते मिळाले नसते. प्रश्न आहे तो हा, की असे आयुष्य चित्रपटसृष्टीच्या घरात असतानासुद्धा सफायर पडद्यावर आली ती प्रेत होऊनच.

द्वेष कोणाच्या तोंडी?

आता 'सफायर'चा शेवट सांगावाच लागेल. खून केलेला असतो होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीने, मिल्ड्रेडने. नवरा बोटीवर, घरात दोन लहान मुली, प्रेम नाही, कोणी विचारत नाही. सफायरचा भाऊ तिच्या घरात मुलीच्या खेळण्याला हात लावतो आणि तिचा बांध फुटतो. इव्हॉन मिशेल यांनी हा प्रसंग फार ताकदीने केला आहे. म्हणजे मारणाऱ्या गोऱ्या बाईला शेवटी बोलायला मिळते, तिची कोंडी आपल्याला कळते. मरणारी बाई मात्र गप्पच.

दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, रॉय वॉर्ड बेकर यांचा 'फ्लेम इन द स्ट्रीट्स' आला. त्यात बाप कामगार संघटनेचा पुढारी. काळ्या कामगाराच्या बढतीसाठी तो कारखान्यात भांडतो. त्याच्या शिक्षिका मुलीला काळ्या शिक्षकाशी लग्न करायचे असते तेव्हा घरात वणवा पेटतो. सगळ्यांत विखारी शब्द कोणाच्या तोंडी? आईच्या. सदैव संघटनेत गुंतलेल्या नवऱ्याने दुर्लक्षिलेल्या, घरातच सडलेल्या गृहिणीच्या. बाप डगमगतो, पण निदान विचार करतो. आई फक्त ओकते.

दोन्ही चित्रपटांत हे एकच पाहून मी थबकले. घरमालक, मालकवर्ग, पोलीस, सरकार यांचा वंशभेद येऊन जातो, पण त्याचा कळस होतो तो एका दुःखी घरबशीच्या किंचाळण्यात. बाई घरात कोंडली गेली, म्हणून ती विषारी झाली, एवढे हे चित्रपट समजून घेतात. तिला कोंडणारा आणि काळ्या माणसाला नाकारणारा समाज एकच आहे, इथवर मात्र येत नाहीत. आपल्याकडे हुंड्याच्या छळात सगळे खापर सासूवर फोडून बाकीची माणसे नामानिराळी होतात, त्याची आठवण झाली.

आणि काळी बाई? या चित्रपटात काळा शिक्षक आहे, काळा कामगार आहे, त्या कामगाराची बायको गोरी आहे. १९५१ च्या 'पूल ऑफ लंडन'मध्येही जमैकाचा खलाशी आणि तिकीट विकणारी गोरी मुलगी यांची हळवी मैत्री आहे. समस्या म्हणजे काळा पुरुष आणि गोरी बाई, असे एकदा ठरले की काळ्या बाईला गोष्टीत जागाच उरत नाही.

प्रत्यक्षात ती कुठे नव्हती? १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून कॅरिबियन बेटांमधून आलेल्या परिचारिका तिथल्या इस्पितळांत रात्रपाळ्या करत होत्या. आणि बोलणाऱ्या बायका नव्हत्या असेही नाही. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स यांना अमेरिकेने कम्युनिस्ट म्हणून १९५५ मध्ये हाकलले. त्या लंडनला आल्या आणि १९५८ मध्ये ब्रिक्स्टनमधून त्यांनी 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे वृत्तपत्र सुरू केले. नॉटिंग हिलच्या दंगलींनंतर, जानेवारी १९५९ मध्ये, त्यांनी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन उत्सव भरवला. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कोक्रेन या अँटिग्वाच्या सुताराचा नॉटिंग हिलमध्ये खून झाला. त्या खुनाबद्दल कधीच कोणाला शिक्षा झाली नाही. चित्रपटातला खुनी सापडला, रस्त्यावरचा सापडला नाही. क्लॉडिया जोन्स संपादक होत्या, वक्त्या होत्या, संघटक होत्या. 'सफायर'च्या लंडनमध्ये अशी बाई राहते याचा त्या चित्रपटाला पत्ताही नाही.

काळच तसा होता?

"काळच तसा होता," असे आमच्या चर्चेतही एकीने म्हटले. मला हे पुरेसे वाटत नाही. त्याच काळात शेला डिलेनी या सॅलफर्डच्या कामगारवस्तीतल्या मुलीने एकोणिसाव्या वर्षी 'अ टेस्ट ऑफ हनी' हे नाटक लिहिले. १९५८ मध्ये ते रंगभूमीवर आले, १९६१ मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्यातली जो ही शाळकरी वयाची मुलगी एका काळ्या खलाशापासून गरोदर राहते. तीही अविवाहित, तीही गरोदर, पण तिच्यावर कोणी तपास करत नाही. ती स्वतः बोलते, चिडते, घाबरते, विनोद करते. मुलगी ज्या वस्तीतली, लिहिणारी त्याच वस्तीतली, हा फरक. पण जो गोरी आहे. तिचा खलाशी जिमी समुद्रावर जातो तो परतत नाही, आणि त्याची बाजू आपल्याला कळत नाही.

केवळ बाईच्या हाती काम आले म्हणून हे सुटत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. 'सफायर' बाईनेच लिहिला. त्या काळात म्युरिएल बॉक्स यांनी पटकथेसाठी ऑस्कर मिळवले, महिला पोलिसांवरचा 'स्ट्रीट कॉर्नर' (१९५३) धरून अनेक चित्रपट दिग्दर्शित केले. पुरुषांच्या त्या गडात त्यांनी पाय रोवला याचे मोल मोठे आहे. पण एका बाईला मिळालेली जागा आपोआप सगळ्यांची होत नाही.

ती जागा व्हायला १९९३ साल उजाडले. गुरिंदर चढ्ढा यांचा 'भाजी ऑन द बीच'. लेखिका मीरा स्याल. बर्मिंगहॅमच्या 'सहेली' या महिला केंद्राच्या बायका एक दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रावर सहलीला जातात, एवढीच गोष्ट. त्यात हशिदा नावाची मुलगी आहे. वैद्यकीय शिक्षणाला निघालेली, आणि काळ्या मित्रापासून गरोदर. पाहा, सफायरचीच गोष्ट चौतीस वर्षांनी परत आली आहे. पण हशिदा जिवंत आहे. ती रडते, मित्राशी भांडते, मावश्या-काकवांना उलट बोलते. त्या मावश्यांच्या मनातला काळ्या माणसांबद्दलचा तिरस्कारही चित्रपट झाकत नाही. आपली माणसे आहेत म्हणून त्यांना साधूसंत करण्याची गरज गुरिंदरला वाटली नाही. ज्यांची गोष्ट त्यांनी सांगितली की हेही धैर्य येते.

माझ्या कपाटातल्या फायली

आता माझ्याबद्दल. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आम्हाला केस-नोंद कशी लिहायची ते शिकवले. तटस्थ, मुद्देसूद, सर्व संबंधितांच्या भेटी घेऊन. मी चांगली लिहिते, असे सगळे म्हणतात. काही वर्षांपूर्वी सासर सोडून आलेल्या एका बाईचा मी अहवाल केला. नवऱ्याचे म्हणणे, सासूचे म्हणणे, शेजाऱ्यांचे, भावाचे, चौकीतल्या हवालदाराचे. चार पाने झाली. तिला वाचता येत नव्हते म्हणून सही घेण्याआधी मी तो वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "ताई, सगळ्यांचं लिवलंत. माझं कुटंय?"

माझ्या अहवालात तिच्याबद्दल एक ओळ होती. "अर्जदार महिला तणावाखाली असून प्रश्नांची उत्तरे मोजकीच देते." तिचे वाक्य एकही नव्हते. ती मोजके बोलत होती कारण मी घड्याळ पाहत होते. आणि तिची बोली मला "नीट" वाटत नव्हती म्हणून जे ती बोलली तेही मी माझ्या भाषेत घालून टाकले होते. तिची वस्ती, तिची जात माझी नव्हती. हेतू माझाही चांगला होता. डीअर्डनसाहेबांचाही होता.

तो अहवाल मी फाडला आणि पुन्हा बसले. दोन दुपारी गेल्या. दुसऱ्या अहवालात तिचे म्हणणे पहिले आले, तिच्या शब्दांत. त्यात अशी एक गोष्ट निघाली जी इतर कोणाच्याच जबानीत नव्हती, आणि पुढे त्याच गोष्टीवर तिचा अर्ज टिकला.

म्हणून मावशींचा प्रश्न मला चित्रपटापुरता वाटत नाही. एखाद्या चित्रपटात, अहवालात, मोर्चाच्या पत्रकात, आपल्या या अंकातसुद्धा, कोणाचा फोटो आहे हे मोजून थांबता येणार नाही. कांचीचा फोटो होता. सफायरच्या नावाचा तर चित्रपटच होता. तिच्याबद्दल किती जण बोलतात आणि ती स्वतः किती बोलते, हे मोजायला हवे. आणि ती बोलत नसेल तर ती गप्प आहे म्हणून की आपण घड्याळ पाहतो आहोत म्हणून, हे स्वतःला विचारायला हवे.

आमच्या केंद्रात आता एक लहानसा नियम केला आहे. फाइलचे पहिले पान त्या बाईचे. तिच्या शब्दांत, तिला वाचून दाखवून. सगळ्याच वेळी जमते असे नाही. मावशी मात्र अधूनमधून कपाट उघडून फाइल काढतात, पहिले पान पाहतात आणि विचारतात, "ही बोललीय ना?"